बाळंतिणीचा सव्वा महिना: काय जपायचं, काय मोजायचं आणि दवाखान्यात कधी निघायचं

बाळंतीण घरी आली की बाळाचं वजन सगळ्या घराला तोंडपाठ असतं. तिचं हिमोग्लोबिन किती, दवाखान्यातून निघताना बीपी किती होतं, कालच्या दिवसात किती पॅड बदलले, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मराठवाड्यात सव्वा महिन्याची रीत अजून घरोघरी पाळतात. त्यातला आराम, मालिश, सकस खाणं हे जपण्यासारखंच आहे. चुका ठरलेल्या असतात. तिचं पाणी तोडतात, बंद खोलीत धुरी देतात आणि काही बिघडलं तरी ‘बाळंतपणात असं होतंच’ म्हणून दोन दिवस घालवतात. हा लेख तिच्या घरच्यांसाठी आहे, कारण या दिवसांत निर्णय तिच्या हातात फारसे नसतात.

टप्पा १: आठव्या महिन्यातच करायची तयारी

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण नोंदणी सासरच्या गावात असते. माहेरच्या आशाताईला कुणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे बाळंतपणानंतरच्या घरभेटी होतच नाहीत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. घरीच झालं तर पहिल्या दिवशीही. मुलगी माहेरी आल्याच्या आठवड्यातच माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन माहेरच्या आशाताईला आणि अंगणवाडीत दाखवा. स्तनदा मातेला सहा महिने मिळणारा पोषण आहारही त्यामुळे चुकत नाही.

खोली निवडताना खिडकी बघा. कोपऱ्यातली अंधारी खोली ‘वारं लागू नये’ म्हणून देतात, ते नको. वाऱ्याचा झोत थेट अंगावर येणार नाही अशी बाज ठेवा, पण हवा खेळती हवी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत बाळंतीण आणि बाळ दोघांनाही त्रास होतो. अशा वेळी घरातली सगळ्यात गार खोली तिची.

पाण्याचं आधी ठरवा. टँकरवर चालणाऱ्या गावात घरातली बाई सगळ्यांचं भागवून मग स्वतःचं बघते, आणि बाळंतिणीलाही तीच सवय असते. तिच्या पिण्याचं पाणी वेगळ्या झाकलेल्या भांड्यात, उकळून गार केलेलं, आणि टाके धुण्यासाठी वेगळी बादली. हे पाणी घरात दुसऱ्या कामाला वापरायचं नाही.

सोबत एवढं जमवून ठेवा: डिजिटल थर्मामीटर, सॅनिटरी पॅड किंवा धुतलेले मऊ सुती कपडे, साबण, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, एक वही. रात्री-अपरात्री गाडी कुणाची, हे नाव आणि नंबर भिंतीवर लिहा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण फोन कुणी करायचा आणि गावात ती नेमकी कुठे बोलवायची, हे आधी ठरलेलं हवं.

पाळणा लांबवायचा विचारही आत्ताच करा. तांबी (कॉपर-टी) बसवायची असेल तर ती बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. ती वेळ गेली तर पुढे सहा आठवडे थांबावं लागतं. नवरा-बायकोचं हे बोलणं कळा सुरू झाल्यावर होत नाही.

> तपासा: माहेरच्या आशाताईचा नंबर कार्डावर लिहिला आहे का? रात्री बाळंतिणीजवळ झोपणाऱ्या दोन माणसांच्या पाळ्या ठरल्या आहेत का?

टप्पा २: दवाखान्यातले पहिले ४८ तास

‘सगळं नीट झालंय, आता घरी सोडा’ हा हट्ट धरू नका. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतो. साध्या बाळंतपणानंतरही निदान ४८ तास दवाखान्यात राहायचं. सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत मोफत जेवण मिळतं, घरी सोडायला गाडीही मिळते. डब्याच्या किंवा भाड्याच्या चिंतेने घाई करण्याचं कारण नाही.

या दोन दिवसांत सोबतच्या बाईने तीन गोष्टींकडे लक्ष ठेवायचं. बाळ तासाभरात अंगावर घेतलं का? पहिला पिवळसर चीक पिळून टाकायचा नाही, तोच बाळाला द्यायचा. सहा तासांत लघवी झाली का? टाक्यांच्या भीतीने बायका लघवी दाबून धरतात. लघवीची भरलेली पिशवी गर्भाशयाला आकसू देत नाही आणि रक्त जास्त जातं. लघवी होत नसेल तर सिस्टरला लगेच सांगा. तिसरं म्हणजे चालणं. सिझेरियन झालेल्या बाईलाही डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुतेक दुसऱ्या दिवसापर्यंत, आधार देऊन उठवतात. ‘पोट कापलंय, हलू नको’ म्हणून तिला झोपवून ठेवलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

सुट्टी मिळताना कागद हातात घ्या आणि तिथेच उभं राहून विचारा: हिमोग्लोबिन किती आलं? आजचं बीपी किती? टाके विरघळणारे आहेत की काढायचे, आणि कधी? कोणती गोळी किती दिवस? पुन्हा कधी यायचं? ही पाच उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गरोदरपणी बीपी किंवा साखर वाढली होती त्यांनी ‘घरी गेल्यावर बीपी कधी मोजायचं’ आणि ‘साखर पुन्हा कधी तपासायची’ हेही विचारा. बाळ बाहेर आलं की बीपीचा धोका संपला, हा समज चुकीचा आहे. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात.

टप्पा ३: घरचा पहिला आठवडा, अंदाजाने नव्हे तर मोजून

अंगावरून जाणं किती, यावर घरात मतं फार असतात. ‘खराब रक्त आहे, जाऊ दे सगळं’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, आणि त्याच वाक्याने बाया पांढऱ्याफटक होईपर्यंत घरी राहिल्यात. रक्त खराब नसतं. ते तिचंच असतं.

साधारण क्रम असा. पहिले तीन-चार दिवस लाल, पाळीसारखं किंवा थोडं जास्त. मग आठवडा-दहा दिवसांपर्यंत गुलाबी-तपकिरी. नंतर पिवळसर-पांढरं, ते चार ते सहा आठवडे चालू शकतं. बाळ पाजताना ओटीपोटात कळ येते आणि तेव्हा थोडं जास्त जातं, ते ठीक. फिकट झालेलं पुन्हा लालभडक झालं तर आधी काम थांबवून पडून राहायचं आणि आशाताईला कळवायचं. आडवं होऊनही थांबलं नाही तर दवाखाना.

मोजायची सोपी रीत: भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत प्रत्येक पॅडमागे एक रेघ. भिजून चिंब झालेला असेल तर रेघेला फुली. संध्याकाळी सासू, आई, नवरा, कुणीही बघितलं तरी कळतं. बाईला तोंडाने सांगायला संकोच वाटतो, कॅलेंडरला वाटत नाही. त्याच चौकटीत सकाळ-संध्याकाळचा ताप लिहा.

पॅड कमी भिजला तरी चार ते सहा तासांनी बदलायचा. कपडा वापरत असाल तर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. पलंगाखाली, दाराआड, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवलेला कपडा दमट राहतो आणि त्यातून जंतुसंसर्ग होतो. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, तेवढं तरी वापरा.

> ताबडतोब १०८, सकाळची वाट बघू नका:
> तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, किंवा लिंबाएवढ्या गाठी पडणं
> चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, अंग गार, घाम
> झटके, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा धूसर दिसणं, बीपी १६०/११० किंवा त्याहून जास्त
> अचानक दम लागणं, छातीत दुखणं
> स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार

> त्याच दिवशी दवाखाना:
> २४ तासांत पाचपेक्षा जास्त पॅड भिजणं
> ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त, थंडी वाजणं
> घाण वास येणारा स्राव, ओटीपोटात दुखणं
> एकाच पोटरीला सूज आणि दुखणं
> टाक्यातून पू, टाके उसवणं
> लघवी न होणं किंवा नकळत सतत गळणं
> बीपी १४०/९० किंवा जास्त

ताप आला की ‘दूध उतरलं म्हणून आला’ असं म्हणतात. दूध भरताना अंग जरा कोमट लागू शकतं, पण थर्मामीटर १००.४ दाखवत असेल तर कारण डॉक्टरांनी शोधायचं, घरच्यांनी नाही.

टप्पा ४: आंघोळ, टाके, मालिश आणि शेक

शेक हा आपल्याकडचा सगळ्यात नाजूक विषय. गरम पाण्याची आंघोळ, कमरेला गरम कपड्याचा शेक, बाजेवर पडून मालिश, यात काही वावगं नाही, अंग मोकळं होतं. वाईट आहे ती बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, वर ओवा आणि बाळंतशेपा, आणि दार-खिडकी बंद. कोळसा बंद खोलीत जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच आई आणि बाळ गुदमरू शकतात. ओव्या-शेपाचा वास येत राहतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून द्या. आजी ऐकत नसेल तर शेक बंद करू नका, शेगडी तेवढी अंगणात न्या आणि कपडा तिथे गरम करून आत आणा. हा तोडगा बहुतेक घरांत चालतो.

खालचे टाके: प्रत्येक वेळी लघवी-शौचानंतर स्वच्छ कोमट पाण्याने, पुढून मागे, आणि मग टिपून कोरडं. मागून पुढे धुतलं तर शौचाचे जंतू टाक्यात जातात. दुखत असेल तर स्वच्छ टोपात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसावं.

पोटाचे टाके: हळद, राख, तेल, कसलीही पावडर लावायची नाही. आंघोळ कधीपासून हे डॉक्टर सांगतील तसं. कोरडं ठेवणं एवढंच काम. मालिशवाल्या बाईला आधीच सांगा, पोटाला हात लावायचा नाही. बाळापेक्षा जड काहीही सहा आठवडे उचलायचं नाही, भरलेली घागर तर नाहीच.

पोट घट्ट बांधलं की ‘गर्भाशय जागेवर बसतं’ असं सांगतात. गर्भाशय स्वतः आकसतं, बांधल्याने नाही. साडी किंवा पट्टा आवळून बांधला की खालच्या स्नायूंवर दाब येतो, आणि ज्या बाईचं अंग बाहेर येण्याची (गर्भाशय खाली सरकण्याची) भीती आहे तिला तो जास्तच वाईट. आधारापुरतं सैल बांधायला हरकत नाही.

टप्पा ५: खाणं आणि पाणी

पाणी कमी दिलं की टाके लवकर भरतात, पोट सुटत नाही, अशा समजुतीने दिवसाला दोन-तीन वाट्या पाणी देणारी घरं आजही आहेत. याचा परिणाम म्हणजे घट्ट शौच, शौचाला जोर, टाक्यांवर ताण, लघवीला जळजळ. वर उन्हाळा. नियम साधा ठेवा: बाळाला पाजायला घेतलं की आईच्या हाताशी पाण्याचा तांब्या. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. गडद असेल तर वाढवा.

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या दोन जेवणांवर आणखी दोन वेळचं छोटं खाणं. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, मूग-तुरीचं वरण, मेथी, शेपू, चुका, पालक, दूध-दही, शेंगदाणे, तीळ, कारळाची चटणी. खाणाऱ्या घरात अंडी, मासे, मटण. अळिवाची खीर आणि डिंकाचा लाडू जरूर द्या, पण लाडू म्हणजे जेवण नाही. सकाळी लाडू, दुपारी तूप-भाकरी, रात्री तूप-भाकरी, आणि डाळ ‘वातूळ’, भाजी ‘थंड’, फळ ‘बाधतं’ म्हणून बंद, असं महिनाभर चाललं की बाईचं वजन वाढतं आणि रक्त तेवढंच राहतं. गरोदरपणात साखर वाढली होती तिला गूळ-तुपाचे लाडू डॉक्टरांना विचारूनच.

केळी, पपई, पेरू, मोसंबी यांनी बाळाला सर्दी होत नाही. मोसंबी तर जालन्या-संभाजीनगरच्या शिवारातलीच.

टप्पा ६: गोळ्या

लोह-फॉलिक अॅसिडची रोज एक गोळी, बाळंतपणानंतर १८० दिवस. कॅल्शियमच्या रोज दोन, त्याही सहा महिने. दोन्ही उपकेंद्रात आणि आशाताईकडे मोफत मिळतात. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर डॉक्टर जास्त गोळ्या किंवा शिरेतून लोह देतील.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोन्ही गोळ्या एकदम घेणं. कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणासोबत, लोह रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबू-पाण्यासोबत. चहासोबत तर नाहीच. शौच काळी होते, ती गोळीमुळे, घाबरू नका. मळमळ झाली तर गोळी बंद करण्याआधी सिस्टरला विचारा.

टप्पा ७: अंगावर पाजणं आणि आईची छाती

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा. निपलला चिरा पडतात त्या बहुतेक वेळा बाळाने फक्त टोक तोंडात धरल्यामुळे. बाळाचं तोंड मोठं उघडू द्या, काळा भागही बराचसा आत जाऊ द्या. हनुवटी छातीला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे. दुखलं तर बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात स्वच्छ बोट घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

दूध दाटून गाठ झाली की पाजणं थांबवतात, इथेच बिघडतं. त्या बाजूने पाजत राहायचं. पाजण्याआधी कोमट कपडा, पाजून झाल्यावर गार कपडा. रगडून मालिश नको. जागा लाल, गरम, सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. औषध सुरू असतानाही बहुतेक वेळा पाजता येतं, तेवढं विचारून घ्या.

‘दूध पुरत नाही’ म्हणून वरचं दूध, गुटी, मध सुरू केला की बाळ कमी ओढतं आणि दूध खरंच कमी होतं. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. उन्हाळ्यातही.

टप्पा ८: मन

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड, उगाच भीती, हे पुष्कळ बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. झोप मिळाली, कुणी जवळ बसलं की बरं वाटतं. त्या वेळी ‘बाळ समोर असताना रडतेस काय’ म्हणू नका.

दोन आठवड्यांनंतरही उदासी आहे, भूक नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, ‘मी नसलेली बरी’ असं बोलते, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. तो आजार आहे, त्याला उपचार आहे, आणि पाजत असताना चालणारी औषधंही आहेत. दुसरी-तिसरी मुलगी झाली की घरातले लोक बोलायचे थांबतात, भेटायला येणारी बाई ‘असू दे, होईल पुढच्या वेळी’ म्हणते. ते तिच्या मनात जाऊन बसतं. अशा पाहुण्यांना दारातूनच निरोप द्यायची हिंमत नवऱ्याने आणि आईने दाखवावी.

टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

> सावधान: दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही, असंबद्ध बोलणं, नसलेले आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल भलतेच संशय. याला ‘बाहेरचं’ म्हणून देवऋषीकडे नेऊ नका. तिला आणि बाळाला एकटं न सोडता थेट मोठ्या दवाखान्यात न्या. ही तातडीची वेळ आहे.

टप्पा ९: दीड महिन्याची तपासणी

दीड महिन्याला बाळाची लस असते, आणि ती बहुतेक आया चुकवत नाहीत. बाळाला टोचून घेतात आणि तशाच घरी येतात. त्याच दिवशी, त्याच केंद्रात, सिस्टरला सांगून स्वतःची तपासणी करून घ्यायची: हिमोग्लोबिन, बीपी, टाके, अंगावरून जाणं थांबलं का, खोकताना लघवी सुटते का, मन कसं आहे. गरोदरपणी साखर होती त्यांनी साखरेची तपासणी. उपकेंद्रात सगळं होत नसेल तर ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्या.

पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत, यावर विसंबू नका. पाळी येण्याआधीच बीज सुटतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, पाळी आलेली नाही आणि बाळ दिवस-रात्र फक्त अंगावरच पितं, या तिन्ही गोष्टी असतील तेव्हाच पाजण्याचं संरक्षण चालतं. यातली एक सुटली की दुसरं साधन हवं. पाजणाऱ्या आईला छाया गोळी चालते, सहा आठवड्यांनंतर अंतरा इंजेक्शन आणि तांबी चालते. माला-एन गोळी सहा महिन्यांपर्यंत नको. निरोध कधीही. दोघांना आणखी मूल नको असेल तर पुरुष नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे, हेही घरात बोलायला हवं. जवळीक तिच्या मनाने, जखम भरल्यावर.

टप्पा १०: कामावर परतणं आणि सासरी निघणं

खालच्या स्नायूंचा व्यायाम पहिल्या दिवसांपासून करता येतो. लघवी अडवून धरल्यासारखं आतून आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र करायचा नाही. लघवीची नळी लावलेली असेल तर ती काढल्यावर सुरू करा.

शेतात, बांधकामावर आणि विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या बाईसाठी हा टप्पा सगळ्यात अवघड आहे. बीड-धाराशिवकडची टोळी दिवाळीच्या सुमारास निघते आणि बाळंतीण पंधरा-वीस दिवसांत मोळी उचलायला लागते. इतक्या लवकर डोक्यावर वजन घेतलं तर अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो, आणि तो त्रास जन्मभर पुरतो. कोयत्याची उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) फेडायची असते, हे कळतं. तरी सहा आठवडे तरी मोळी वाहणं तिच्याकडे नको, बसून होणारं काम द्या, हे मुकादमाशी निघण्याआधीच बोलून घ्यावं. फडावर पोचलात की पहिल्याच दिवशी जवळचं आरोग्य केंद्र कुठे आहे ते विचारा आणि तिथल्या आशाताईला कार्ड दाखवा.

माहेराहून सासरी निघताना पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, सुट्टीचा कागद, वही आणि उरलेल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवा, बाळंतविड्याच्या कपड्यांखाली नाही. सासरच्या आशाताईला निघण्याआधी फोन करा. पुढच्या गोळ्या किती दिवसांच्या बाकी आहेत आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला, हे दोन आकडे तिला सांगा.